नैमित्तिक

बोटीच्या कागदावर लिहिलंय,
रात्रीच्या जेवणाला कॅज्युअल चालेल.
हाफ पँट नको, स्लिपर नको,
पोहायचे ओले कपडे तर नकोतच.
काय नको ते तीन ओळींत.
काय हवं, त्याचा पत्ता नाही.

तेजल फोनवर म्हणते, आई, कॅज्युअल म्हणजे काहीही गं.
बोपोडीत वाढलेल्या बाईला
काहीही म्हणजे काय हे नको शिकवूस.
काहीही म्हणजे
दोरीवर जे वाळलंय ते.

सकाळपासून कपाट पलंगावर आलंय.
लक्ष्मी रोडच्या दोन सिल्क, एकीला अजून फॉल नाही.
निरोपसमारंभाची मोरपंखी,
पदराजवळ गुलाबजामाच्या पाकाचा डाग,
अख्ख्या पाणीपट्टी विभागाला ठाऊक असलेला.
आणि फॅशन स्ट्रीटवरची ती इलॅस्टिकची पँट,
जी घालून मी आरशापर्यंत जाते
आणि परत येते.

ह्यांना विचारलं, तुम्ही काय घालणार?
एकतीस वर्षं पीएमटीत तिकिटं फाडलेला माणूस.
खाकी सोडून काहीही, म्हणाले,
आणि चष्मा पुसत,
जेवायला काय आहे ते लिहिलंय का त्यात?
बोट क्लब रोडवरून रोज बस न्यायचे.
बोट एकदाही दिसली नाही म्हणतात.

हा शब्द आमच्या घरात आईने आणला,
खडकीच्या डेपोतून, डब्याच्या पिशवीतून.
कॅज्युअलवर घेतलंय, म्हणाली,
आणि आम्हा पोरांना वाटलं, बढती.
एकोणनव्वद दिवस काम, मग तोडायचे.
नव्वदावा भरला तर बाई कायम होते ना.
त्या नव्वदाव्या दिवशी ती घरी बसून
दोन्ही पातळं धुवायची,
आधी दोरीवरचं, मग ते नेसून अंगावरचं.
गेटवर कोण काय नेसलंय कुणी बघत नव्हतं,
बिल्ला बघायचे.

मग माझी पाळी आली.
महापालिकेत त्याला मराठी नाव होतं, नैमित्तिक रजा.
वर्षाला आठ.
आणि निमित्ताला एक रकाना.
सासूबाईंचा मोतीबिंदू. तेजलचा गोवर.
गॅसवाला येणार आहे.
पुन्हा मोतीबिंदू, दुसरा डोळा.
एकदा घाईत नुसतं आई एवढंच लिहिलं,
तर साहेबांनी वर बघून विचारलं,
आई काय?

मला आज घरी बसून
चहा गार होऊ द्यायचाय,
असं कुणी लिहीत नाही.
मीही लिहिलं नाही.

बोटीच्या कागदावर रकाना शोधला.
मागेही बघितलं. कोरं.
सहा वाजता बसायचं, कुणीतरी वाढणार,
ताट कुणीतरी उचलणार,
आणि का आलात, हे कुणीच विचारणार नाही.
अशा ठिकाणी बाई काय घालते
ते मला खरंच माहीत नाही.

संध्याकाळी पँट घातली.
वर ह्यांचा नको असलेला निळा सदरा.
आणि आरशाशी न थांबता
जिना उतरून कोपऱ्यापर्यंत गेले, कोथिंबिरीला.
भाजीवाल्याने वीस रुपये म्हटलं. मी पंधरा म्हटलं.
पँटीने भावात काही फरक पडला नाही.
परतताना दमयंती भालेराव भेटल्या,
नखशिखांत बघून घेतलं,
गावाला निघालात?
नाही, म्हटलं, जेवायला.
कुठे?
तिथे मात्र मला हसू आलं,
कारण कुठे ते मलाही सांगता येईना,
गोव्याच्या पुढे कुठेतरी, पाण्यावर.

मोरपंखी परत कपाटात.
सिल्कना पुढचं लग्न येईपर्यंत डांबरगोळ्या.
पँट घडी करून बॅगेत,
आणि तिच्याखाली, तेजलला न सांगता,
आठ हात नायलॉनची दोरी, सहा चिमटे.
समुद्राच्या वाऱ्यावर
असलं कापड तासाभरात वाळतं,
म्हणे.